रेवदंड्याचा किनारा आणि एक एकाकी प्रवासी

अलीकडे आपल्या सुशिक्षित समाजात प्रवासाची हौस पुष्कळ वाढली आहे, आणि ही गोष्ट सर्वथैव इष्ट आहे. परंतु या हौसेबरोबर एक नवी आवडही उत्पन्न झालेली दिसते. ती म्हणजे अज्ञात स्थळे शोधून काढण्याची. गर्दीस विटलेला मनुष्य जेथे फारसे कोणी जात नाही असा एखादा समुद्रकिनारा विचारीत फिरतो; तसा तो सापडला म्हणजे दोन घटका वाळूत एकटाच बसतो, लाटांचा आवाज ऐकतो, आणि ‘येथे काही नाही, हेच येथील सुख’ असे म्हणत घरी परततो. एकांताची ही ओढ आम्ही दोषास्पद मानीत नाही. दिवसभर माणसांत वावरणाऱ्यास अधूनमधून एकटे बसावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र ‘येथे काही नाही’ हे जे वाक्य, त्याविषयी आमची तक्रार आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तरी, जेथे कधी काहीच नव्हते अशी जागा क्वचितच सापडेल. येथील शांतता बहुधा लग्नाचे वऱ्हाड निघून गेल्यावर रिकाम्या मांडवात जी शांतता असते तिच्या जातीची आहे. अशा एका मांडवाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, आणि तेथे येऊन गेलेल्या एका एकट्या पाहुण्याची ओळख करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अलिबागेच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरांवर कुंडलिका नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस रेवदंडा, त्यास लागूनच चौल, आणि खाडीपलीकडे समुद्रात शिरलेल्या डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला. अलिबागेपर्यंत प्रवाशांची रीघ असते, आणि त्यांतील पुष्कळजण पुढे काशीद, मुरुड-जंजिऱ्याकडे निघून जातात. रेवदंडा हे त्यांच्या वाटेवरचे एक गाव, मोटारीच्या खिडकीतून पाहिले न पाहिलेसे. आम्ही तेथे गेलो ते एकटेच. गाव ओलांडून नारळी-पोफळींच्या वाड्यांतून किनाऱ्यावर पोहोचले की सुरूची झाडे लागतात, त्यांच्यापुढे काळसर वाळूचा लांब पट्टा, आणि एका अंगास समुद्राच्या पाण्यात पाय ठेवून उभी असलेली काळ्या दगडांची जुनी तटबंदी. ओहोटी असली म्हणजे या तटाच्या कडेकडेने चालत जाता येते. जाळी वाळत घातलेली, दोन-चार होड्या वाळूवर ओढलेल्या, आणि माणूस म्हणाल तर दूर एखादा कोळी. एवढ्या विस्तीर्ण किनाऱ्यावर एवढी थोडी माणसे, आणि त्यांच्या मागे एवढी मोठी भिंत, हे प्रमाण विसंगत आहे हे कोणाच्याही ध्यानात यावे. जी भिंत आज कोणाचेच रक्षण करीत नाही ती कोणी आणि कशासाठी बांधली, हा प्रश्न ज्यास पडला त्याचे ‘येथे काही नाही’ हे वाक्य तेथेच संपते.

चौल हे आपल्या किनाऱ्यावरील अत्यंत प्राचीन बंदरांपैकी एक होय. मुंबईजवळील कान्हेरीच्या लेण्यांत ज्या दात्यांनी दाने दिली त्यांच्या लेखांत ‘चेमुल’ या गावाचे नाव येते, आणि ते चौलच होय असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराचे जे वर्णन लिहून ठेवले त्यात ‘सेमिल्ला’ म्हणून बंदर आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी यानेही जवळजवळ तेच नाव नोंदले आहे. पुढे अरबांनी या नावाचे ‘सैमूर’ केले. दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अल्-मसूदी नावाचा बगदादचा प्रसिद्ध प्रवासी व इतिहासकार येथे येऊन गेला. त्या वेळी हा मुलूख राष्ट्रकूटांच्या साम्राज्यात असून प्रत्यक्ष कारभार शिलाहार राजा झंझ पाहत होता. गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असत असे मसूदी लिहितो. त्यांत अरबस्तान व इराकातून आलेले होते, तसे याच भूमीवर जन्मलेलेही होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या परदेशी वस्तीचे आपसांतील तंटे त्यांच्याच धर्माप्रमाणे तोडण्यासाठी त्यांच्यापैकीच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. हजार वर्षांपूर्वी एका हिंदू राजाने दूरदेशीच्या व्यापाऱ्यांस आपल्या बंदरात कोणत्या रीतीने नांदविले याची ही साक्ष परक्या माणसाने लिहून ठेवली आहे.

बंदर म्हणून चौलचा उत्कर्ष झाला त्याची कारणे उघड आहेत. आत येण्यास खाडी, खाडीच्या तोंडाशी आडोसा देणारा डोंगर, आणि पाठीमागे बोरघाटासारख्या घाटवाटांनी देशावरील जुन्नर, पैठण, बीदर अशा मोठ्या शहरांशी जोडलेला मुलूख. बैलांचे तांडे घाट उतरून कापड व धान्य घेऊन येत आणि समुद्रमार्गे आलेला माल लादून परत वर चढत. या बाहेरून येणाऱ्या मालात एक जिन्नस विशेष होता, तो म्हणजे घोडा. दख्खनच्या हवेत उत्तम घोड्यांची पैदास होत नसे, आणि घोडदळावाचून कोणत्याही सुलतानाचे वा राजाचे चालत नसे. त्यामुळे इराण-अरबस्तानातून गलबते भरभरून घोडे या किनाऱ्यावर उतरत व त्यांस वाटेल ती किंमत येई. अशाच एका गलबतातून, एक घोडा बरोबर घेऊन, आमचा एकाकी प्रवासी चौलास उतरला.

त्याचे नाव अफानासी निकितिन. रशियातील त्वेर या व्होल्गाकाठच्या शहराचा हा व्यापारी. हिंदुस्थानात येण्याचा विचार करून तो घराबाहेर पडलाच नव्हता. इसवी सन १४६६ ते १४६८ च्या दरम्यान काही सोबत्यांसह व्यापारासाठी तो नदीच्या प्रवाहाबरोबर खाली निघाला. अस्त्रखानजवळ तातारांनी त्यांस लुटले, आणि मालाबरोबर त्याची धर्माची पुस्तकेही गेली. कर्ज काढून घेतलेला माल गमावून घरी परतावे तर सावकार दारात, म्हणून तो पुढेच जात राहिला. दरबंद, बाकू, इराण, आणि शेवटी होर्मुझचे बेट. तेथे त्याने एक घोडा मिळविला, ईस्टरच्या सणानंतरच्या आठवड्यात गलबतात पाय ठेवला, आणि मस्कत, गुजरात, खंबायत असे करीत सहा आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतर तो चौलास पोहोचला. हे वर्ष पूर्वीचे अभ्यासक १४६९ मानीत. अलीकडचे काहीजण १४७१ धरतात. कोणतेही धरले तरी वास्को द गामा कालिकतास पोहोचला त्यापूर्वीची ही किमान २७ वर्षांची गोष्ट आहे. गामाच्या मागे एक राजा होता, तोफा होत्या, जहाजांचा तांडा होता. निकितिनच्या मागे कोणीही नव्हते. या अफाट देशात त्याची भाषा बोलणारा दुसरा माणूस त्यास भेटल्याचे त्याच्या लेखनात आढळत नाही.

या माणसाने एक रोजनिशी ठेवली. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ती आज जगप्रसिद्ध आहे. हे तीन समुद्र म्हणजे कास्पियन, आपला अरबी समुद्र व काळा समुद्र. कोकणच्या किनाऱ्याचे त्याने केलेले पहिले वर्णन वाचले म्हणजे हसूही येते आणि त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुकही वाटते. लोक अंगावर फारसे वस्त्र घालीत नाहीत, स्त्रिया डोके उघडे ठेवून केसांची एकच वेणी घालतात, आणि आपण जिकडे जावे तिकडे या गोऱ्या माणसाचे नवल करीत लोकांचा घोळका मागे लागतो, असे तो लिहितो. थंड देशातून आलेला हा मनुष्य आपल्या पूर्वजांस पाहून चकित झाला, आणि आपले पूर्वज त्यास पाहून! दोघांपैकी कोणाच्याही हातात शस्त्र नव्हते. परदेशी मनुष्य व या किनाऱ्यावरचे लोक यांची इतकी निरुपद्रवी भेट पुढच्या शतकात दुर्मिळ होणार होती.

पावसाळा तोंडावर आला होता. चौलहून पालीवरून घाट चढून तो जुन्नरास गेला व पावसाचे दिवस त्याने तेथेच काढले. चार महिने अहोरात्र पाणी आणि जिकडेतिकडे चिखल, हे त्याचे गाऱ्हाणे वाचून मावळातील वाचकांस ओळख पटल्यावाचून राहणार नाही. जुन्नरच्या असदखान नावाच्या अधिकाऱ्याने हा मनुष्य मुसलमान नाही असे कळताच त्याचा घोडा जप्त केला, आणि ‘धर्म बदल, म्हणजे घोडाही देतो व वर हजार मोहरा देतो, नाहीतर दोन्ही जातील’ अशी अट घालून चार दिवसांची मुदत दिली. तो घोडा हेच त्या माणसाचे सर्वस्व होते. तरीही त्याने धर्म सोडला नाही. सुदैवाने महंमद नावाचा एक खुरासानी मुसलमान सरदार तेथे आला, त्याने मध्यस्थी केली, आणि घोडा परत मिळाला. छळणारा मुसलमान होता तसाच सोडविणाराही मुसलमानच होता, ही गोष्ट निकितिनने लपविलेली नाही.

पुढे तो बहामनी सुलतानांची राजधानी बीदर येथे गेला. त्या वेळी राज्याची सर्व सूत्रे महमूद गवान या विख्यात वजिराच्या हाती होती. दरबाराचे वैभव, सुलतानाची स्वारी, हत्ती, सोन्याच्या पालख्या हे सर्व निकितिनने वर्णिले आहे. परंतु त्याबरोबरच, या देशात माणसे पुष्कळ, सरदार फार श्रीमंत, आणि खेड्यांतील रयत मात्र अगदी दरिद्री, हेही त्याने स्पष्ट लिहून ठेवले. दरबारी बखरकारांच्या लेखणीतून हे सहसा उतरत नाही. बीदरास त्याची अनेक हिंदूंशी ओळख झाली. प्रथम ते त्यास मुसलमान समजून दूर राहत. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत असे त्याने उघड केले, तेव्हापासून ते त्याच्यापासून आपले जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा वा घरातील बायकामाणसे काहीच लपवीनात. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलाच्या यात्रेसही जाऊन आला. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत इतक्या कडक असलेल्या समाजाने एका परक्यास आपल्या घरात एवढे येऊ द्यावे याचे कारण, आमच्या मते, त्याचे एकटेपण हेच होते. ज्याच्या पाठीशी फौज नाही त्याची भीती वाटत नाही, आणि जेथे भीती नाही तेथे दार उघडते.

परंतु या एकटेपणाची त्यास जबर किंमत द्यावी लागली. पुस्तके लुटली गेल्यामुळे आपले सण व उपवास केव्हा येतात हेच त्यास कळेना. अंदाजाने दिवस मोजून तो उपवास धरी आणि चुकले असेल म्हणून देवाची क्षमा मागे. वर्षे जात होती तसतशी त्याच्या लेखणीतील भाषाही बदलत गेली. मूळ रशियन लिहितालिहिता मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द व वाक्ये येतात, आणि त्याची शेवटची प्रार्थना तर या मिश्र भाषेतच आहे. अखेरीस घराची ओढ अनावर होऊन तो दाभोळच्या बंदरातून गलबतात बसला, आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागून होर्मुझास पोहोचला, तेथून काळा समुद्र ओलांडून रशियाच्या वाटेस लागला. पण त्वेर त्याच्या दृष्टीस पडले नाही. स्मोलेन्स्क शहरी पोहोचण्यापूर्वीच त्यास मृत्यूने गाठले. व्यापाऱ्यांनी त्याच्या वह्या मॉस्कोस आणल्या. पुढे त्या विस्मृतीत गेल्या, आणि १९ व्या शतकाच्या आरंभी करामझिन या रशियन इतिहासकाराने त्या पुन्हा उजेडात आणल्या. त्याच्या या प्रवासावर १९५७ साली हिंदी व रशियन कलावंतांनी मिळून ‘परदेसी’ हा चित्रपट काढला होता, आणि रेवदंड्यास शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा एक स्मारकस्तंभ आज उभा आहे. गावातील मुले त्याच्या सावलीत खेळतात. बाहेरून येणाऱ्यांपैकी तो पाहण्यास जाणारे थोडे.

आता दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यांची हकीकत. निकितिन येऊन गेला त्यास पुरती ४० वर्षेही झाली नव्हती, तोच चौलच्या खाडीत तोफा गर्जू लागल्या. १५०८ च्या मार्च महिन्यात मिसरच्या सुलतानाचे आरमार व दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीज जहाजांस येथे गाठले. पोर्तुगीजांचा सेनापती लोरेन्सो द आल्मैदा हा खुद्द व्हाइसरॉयचा मुलगा. माघार घेऊन खाडीबाहेर निघत असता त्याचे जहाज कोळ्यांनी मासे धरण्यासाठी पाण्यात रोवलेल्या खांबांत अडकले, आणि तेथेच तोफेच्या गोळ्याने मांडी मोडूनही लढत असता तो मारला गेला. दोन बलाढ्य सत्तांच्या या युद्धात निर्णायक ठरलेली वस्तू गरीब कोळ्यांची खुंटे होती, ही गोष्ट चमत्कारिक खरी. पुत्रवधाने संतापलेल्या व्हाइसरॉयने पुढल्याच वर्षी दीवच्या लढाईत त्याचा सूड उगविला, आणि पश्चिम समुद्रावरील सत्ता पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यांच्या परवान्यावाचून कोणीही या समुद्रात गलबत हाकारू नये असा त्यांचा दंडक झाला. शतकानुशतके सर्वांस मोकळा असलेला मार्ग अशा रीतीने एकाच्या मालकीचा झाला.

१५२१ साली निजामशाहीच्या परवानगीने त्यांनी खाडीच्या मुखाशी किल्ला बांधण्यास आरंभ केला. जुने चौल आत राहिले. समुद्राकाठी जे पोर्तुगीज चौल वाढले तेच आजचे रेवदंडा. तेथे चर्चे उठली, मठ उठले, श्रीमंतांचे वाडे उठले. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने या गावास मोठा वेढा घातला. त्याच सुमारास विजापूरच्या आदिलशहाने गोव्यास वेढा दिला होता. काही महिने दोन्ही ठिकाणी निकराचे युद्ध झाले, परंतु पोर्तुगीज हटले नाहीत व १५७१ मध्ये तह झाला. १५९४ साली निजामशाहीने पलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर तोफा चढविल्या, तेव्हा त्यांनी तो डोंगरही घेतला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने चौलास वेढा घातला, पण त्याही वेळी ठाणे वाचले. शेवटी १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई सर केली आणि उत्तरेकडील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. त्यानंतर १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाली. सुमारे २२० वर्षे राखलेला हा तट शेवटी हल्ल्याने पडला नाही. कागदावरील सहीने तो रिकामा झाला.

येथे कोणी विचारील की, गाव मराठ्यांच्या हाती आले, मग त्याची भरभराट का झाली नाही? याचे उत्तर असे की, तोपर्यंत बंदराचा प्राण निघून गेला होता. बहामनी राज्य मोडले, १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, आणि घाटावरची जी शहरे चौलवाटे माल मागवीत ती निस्तेज झाली. पोर्तुगीजांनी आपले सर्व बळ गोव्यास एकवटले. इकडे १६६१ च्या विवाहाच्या करारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली व १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीस मिळाली. मुंबईचे बंदर खोल, प्रशस्त व तिन्ही ऋतूंत सुरक्षित; चौलची खाडी त्यामानाने उथळ. जहाजे जसजशी मोठी होत गेली तसतशी ती चौलास टाळू लागली. आणि जहाजांपाठोपाठ माणसे गेली. चौलचे रेशमी विणकाम प्रसिद्ध होते. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तेथील विणकरांस मुंबईत नेऊन वसविले. मुंबईच्या वैभवाच्या पायात चौलचे काही चिरे आहेत, हे मुंबईकर वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शहराच्या गोंगाटास त्रासून मुंबईचा मनुष्य रेवदंड्याच्या वाळूत शांतता शोधू लागतो, तेव्हा आपल्याच शहराने या गावातून उचलून नेलेल्या गजबजाटाची रिकामी जागा तो उपभोगीत असतो.

या सर्वांपैकी आज डोळ्यांस काय दिसते? तटाची भिंत अजून गावाभोवती उभी आहे व तिच्या आत नारळीची वाडी माजली आहे. वाडीच्या मध्ये फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा एक उंच मनोरा आहे. गावकरी त्यास सातखणी म्हणतात. सात मजल्यांपैकी आज सातही उरलेले नाहीत. त्याच्या पायथ्याशी काही तोफा गवतात पडल्या आहेत. जेथे एके काळी धर्मोपदेश होत असे त्या भिंतींच्या फटींतून वड-पिंपळ वाढले आहेत, आणि त्यांची मुळे दगडांस एकाच वेळी धरूनही ठेवीत आहेत व फोडीतही आहेत. जुन्या चौलात रामेश्वराचे देऊळ आहे, डोंगरावर दत्ताचे स्थान आहे व तेथे दत्तजयंतीची यात्रा भरते. रेवदंड्यास बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनामंदिरही आहे. या समाजाचे पूर्वज, त्यांच्या परंपरेप्रमाणे, जहाज फुटून अलिबागेजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागले होते, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ते शनिवार तेली म्हटले जात. मशीद, देऊळ, चर्च आणि यहुद्यांचे प्रार्थनामंदिर इतक्या थोड्या जागेत एकत्र असलेली गावे महाराष्ट्रात फार नाहीत.

परंतु या किनाऱ्यावरील सर्वांत मोठा अवशेष दगडाचा नाही. तो माणसांच्या मुखी आहे. खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखाली एक ख्रिस्ती वस्ती आहे. १७४० साली पोर्तुगीज सरदार, शिपाई व व्यापारी निघून गेले तेव्हा मागे राहिली ती त्यांच्या आश्रयाने ख्रिस्ती झालेली येथील गरीब माणसे. हिंदूंशी धर्माने जुळत नाही, दुसऱ्या ख्रिस्ती वस्त्या दूर, अशा स्थितीत हा लहानसा समाज आपल्यातच राहिला, आणि धन्यांकडून घेतलेली बोली त्याने तशीच घरात चालू ठेवली. या बोलीस ते लोक ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण हळूहळू मराठीची झाली; क्रियापद आपल्याप्रमाणेच शेवटी येऊ लागले. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या बोलीचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ साली तिजवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रार्थनेतही मराठी आली, शाळा मराठी, बाजार मराठी, आणि नोकरीसाठी मुले मुंबईस जाऊ लागली. अशा स्थितीत ही बोली आणखी किती पिढ्या टिकेल याची चिंता अभ्यासकांस वाटते, आणि ती निराधार नाही.

या ठिकाणी आम्हांस निकितिनच्या शेवटच्या प्रार्थनेची आठवण होते. तीही अनेक समुद्रांच्या पाण्याने मिसळलेली भाषा, हीही तशीच. एकीचा कर्ता एकटा, निर्धन व्यापारी. दुसरीचे कर्ते धन्यांनी मागे टाकलेले कोळी व कुळंबी. ज्यांनी तट बांधले, वेढे घातले, तह केले त्यांच्या खुणा दरवर्षी थोड्याथोड्या ढासळत आहेत. आणि ज्यांच्याकडे राखण्यासारखे शब्दांवाचून काही नव्हते त्यांचे शब्द अद्याप जिवंत आहेत. यावरून शब्द अमर असतात असा निष्कर्ष मात्र काढता कामा नये. निकितिनच्या वह्या कोणीतरी घोड्यावर लादून मॉस्कोस नेल्या म्हणून वाचल्या. कोर्लईची बोली आयांनी मुलांशी बोलून वाचविली. कोणीतरी वाहून नेल्यावाचून शब्दही टिकत नाहीत.

आमच्या या प्रतिपादनावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर जुलूम केला, लोकांचे धर्म बदलले, समुद्र अडविला. त्यांच्या पडक्या चर्चांबद्दल व बोलीबद्दल आम्ही हळहळ का बाळगावी? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे व तिजवर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाही. परंतु जुलूम करणारे १७४० सालीच निघून गेले. कोर्लईत राहिलेली माणसे आपलीच आहेत, आणि त्यांच्या मुखातील बोली त्यांनी आपल्या कष्टांनी आपलीशी केली आहे. आपण तरी काय केले? पगार, चावी, घमेले, लिलाव, बटाटा, पाव हे शब्द त्याच पाहुण्यांचे. महिन्याच्या पहिल्या तारखेस पगाराची वाट पाहताना कोणास परकेपणा वाटत नाही. जे आपण सहा-सात शब्दांच्या बाबतीत केले तेच या लोकांनी संबंध भाषेच्या बाबतीत केले, एवढाच फरक.

दुसरेही एक कारण आहे. आपला इतिहास आपण बहुधा डोंगरावरून पाहावयास शिकलो. आणि ते योग्यच होते, कारण स्वराज्य डोंगरी किल्ल्यांच्या आश्रयाने वाढले. परंतु त्यामुळे समुद्राकडची बाजू आपल्या नजरेआड राहिली. आरमार उभारणाऱ्या शिवाजी महाराजांस ती बाजू जितकी स्पष्ट दिसत होती तितकी आपल्या पाठ्यपुस्तकांतून आपल्यास दिसत नाही. चौलसंबंधी पहिला सविस्तर इंग्रजी ग्रंथ डॉ. गेर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली प्रसिद्ध केला. आपल्या सुशिक्षित घरांतून रायगड-प्रतापगडाची नावे मुलांच्या तोंडी असतात, आणि ती असावीत. चौलचे नाव मात्र वडिलांसही पुष्कळदा ठाऊक नसते. मग रेवदंड्याचा किनारा ‘अज्ञात’ ठरतो यात नवल काय? कान्हेरीच्या दात्यांस तो ज्ञात होता, बगदादच्या मसूदीस ज्ञात होता, व्होल्गाकाठच्या निकितिनास ज्ञात होता. तो अज्ञात आहे तो आपल्यालाच, आणि तोही अलीकडे.

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच आहे. एकांतासाठी अशा किनाऱ्यावर अवश्य जावे, आणि शक्य तर एकट्यानेच जावे. कारण एकट्या माणसास लोक बोलावतात व तो ऐकूनही घेतो. मात्र वाळूत बसून परत न फिरता तटाच्या कडेने एकदा चालावे, शाळेच्या आवारातील तो स्तंभ पाहावा, खाडी ओलांडून कोर्लईस जावे, आणि तेथील एखाद्या आजीबाईस त्यांच्या भाषेत पाण्यास काय म्हणतात हे आदराने विचारावे. सोबत मुले असली तर प्रश्न त्यांस विचारू द्यावा. परक्या मुलांनी कुतूहलाने विचारलेली बोली आपल्या घरच्या मुलांसही थोडी मोलाची वाटू लागते, आणि कोर्लईसारख्या ठिकाणी तेवढ्यानेही पुष्कळ काम होण्यासारखे आहे.